सहा साक्षीदार आणि गाडीचा तरुण मेंदू

ऐन द्राहम गावाच्या चढाखाली त्या शुक्रवारी नमाज सुटल्यावर अशी गर्दी लोटली की एखाद्या वलीचा उरूसच वाटावा. मधोमध मात्र उभी होती मोंजीची वीस वर्षांची, आठ-नऊ माणसं मावणारी टर्बो डिझेल टॅक्सी, आणि तिच्यापाशी बाह्या सरसावलेला लझर उस्ताद. दोन आठवड्यांपूर्वी हा गावात उगवला होता. जर्मनीत शिकलो म्हणे. कुठे आणि काय, हे कुणी विचारलं नाही, कारण त्याच्या हातात तळहाताएवढी काळी पेटी होती आणि तिच्यावर निळा दिवा लुकलुकत होता.

"इंजिन म्हातारं नाही हो," उस्ताद सांगत होता. "त्याचा संगणक, म्हणजे गाडीचा मेंदू, म्हातारा झालाय. विसरभोळा झालाय बिचारा. टर्बोकडून किती हवा मागायची हेच त्याच्या ध्यानात राहत नाही. मी तरुण मेंदू बसवतो, मग बघा."

माना डोलल्या. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या जलीलाची नजर मात्र मोंजीच्या खिशावर होती. ती मोंजीची थोरली बहीण, शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी. त्या खिशात आईचं लग्नातलं सोन्याचं कडं आहे, हे तिला ठाऊक होतं. घरात मोडण्याजोगं तेवढंच उरलं होतं. आठवड्यातून तीनदा मोंजी बाबांना याच गाडीतून खाली जंदूबा शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला नेई, आणि परतीच्या चढावर गाडी निळा धूर ओकत धापा टाकी. गावात गाड्या दुरुस्त करणाऱ्या रबाह मिस्त्रींनी बजावलं होतं की टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा खिळखिळा झालाय, तेल इंजिनात जातंय. एक दिवस इंजिन तेच तेल पिऊन असं उधळेल की किल्ली काढूनही थांबायचं नाही. कडं एकच होतं. त्यात टर्बो तरी येणार होता, नाहीतर उस्तादाचा मेंदू.

या गावात साक्षीशिवाय कुणी बकरीही विकत घेत नाही. तेव्हा रिवाजाप्रमाणे सहा जाणती माणसं साक्षीला गाडीत बसली. त्यात अम्मार खाटीक होता, जो एकटाच दोघांची जागा घेई. कॉफीवाला हम्मादी मोबाइलवर वेळ लावून उभा राहिला. गाडी कण्हत, कुंथत वरच्या ओकच्या झाडापर्यंत पोचली. एकाहत्तर सेकंद.

गाडी खाली आल्यावर उस्तादाने बॉनेट उघडून वर चादर टाकली. कारागिराच्या हाताकडे टक लावून बघणं तिथे असभ्यपणाचं, म्हणून सगळे पाठ फिरवून पुदिन्याचा चहा पीत बसले. चादर निघाली तेव्हा इंजिनाशेजारी निळा दिवा लुकलुकत होता.

"आता साक्षीदारांनी वर झाडाखाली उभं राहावं," उस्ताद म्हणाला. "गाडी पोचलेली डोळ्यांनी बघावी. नव्या मेंदूला पहिल्याच फेरीत आतून माणसांची नजर नको."

सहाही जण आज्ञाधारकपणे टेकडी चढून गेले. मोंजी एकटाच बसला, आणि गाडी खरोखरच सुसाट गेली. बावन्न सेकंद! बायकांनी आनंदाने गजर केला. अम्मारच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर क्षणभर जलीलाचंही मन डळमळलं, आणि त्या क्षणाचीच तिला नंतर जास्त लाज वाटली. मोंजी साक्षीदारांना घेऊन खाली आला आणि त्याचा हात खिशाकडे गेला.

"थांब, मोंजी," ती म्हणाली. "आणखी एक फेरी होऊ दे. पेटी राहू दे तशीच. फक्त साक्षीदार पहिल्यासारखे गाडीत बसू देत."

उस्ताद हसला. "मास्तरीणबाई, मेंदू अजून कोवळा आहे. इतकी माणसं बसली की बुजतो."

"टॅक्सी आहे ही, उस्ताद. माणसं बसायचीच तिच्यात."

कुणी हसलं, कुणी तिच्यावर डोळे वटारले. मोंजी दात आवळून पुटपुटला, "ताई, सगळ्यांसमोर माझी शोभा करू नकोस." तेवढ्यात कॉफीच्या दुकानातून काठी टेकत बाबा आले. सुजलेल्या पायांनी पुढच्या सीटवर जाऊन बसले. म्हातारं आजारी माणूस बसल्यावर बाकीच्यांना मागे राहणं कठीण झालं. अम्मारने बाबांसाठी आपली जागा सोडून दुसरी धरली, आणि चार जण त्याच्यापाठोपाठ आत शिरले. सहा साक्षीदारांपैकी फक्त बारकेला म्हातारा शिंपी बाहेर राहिला.

गाडी निघाली. तेच कण्हणं, तेच कुंथणं, तोच निळा धूर. हम्मादीने मोबाइल दोनदा पाहिला आणि हळूच सांगितलं, "एकाहत्तर."

गाडी खाली परतली तोवर आकडा सगळ्यांच्या कानी गेला होता. मग गाडीतून उतरता उतरता अम्मारच म्हणाला, "म्हणजे मेंदू बसला नव्हता. आम्ही उतरलो होतो."

"सहा माणसं, साडेचारशे किलो," जलीला म्हणाली. तिने बॉनेट उघडून पेटी ओढली, ती सहज हातात आली. झाकण काढलं तर आत एक बॅटरी, एक दिवा, आणि कशालाच न जोडलेल्या दोन तारा. उस्ताद काही बोलू लागला, पण लोक पेटीकडे बघत होते. त्याने चादर आवरली आणि तो खालच्या रस्त्याला लागला.

मोंजी मान खाली घालून उभा होता. "म्हणजे मेंदू बदलणं सगळं थोतांडच?" त्याने विचारलं.

"नाही. जाणत्या माणसाने संगणक नव्याने जुळवला तर जुन्या टर्बो गाडीलाही जोर येतो. पण तो जोर टर्बोनेच द्यायचा ना? ज्याचा दांडाच खिळखिळा, त्याच्याकडून जास्त हवा मागणं म्हणजे बाबांना हा चढ पळत चढायला सांगणं."

मोंजीने बाबांकडे पाहिलं. ते दाराला धरून श्वास गोळा करत होते. त्याने कडं काढलं आणि बहिणीच्या हातात दिलं. टर्बो येऊन बसेपर्यंत आठवडा जाणार होता; तोवर बाबांना डायलिसिसला आपल्या गाडीने नेऊ असं अम्मारने आपणहून सांगितलं. तरी जलीलाची काळजी मिटली नाही. खालच्या रस्त्याने उस्ताद पुढच्या गावाला निघाला होता, आणि तिथेही जुन्या गाड्या होत्या, चढ होता, आजारी माणसं होती.

ती गर्दीकडे वळली. "तुम्ही कुणीच खोटी साक्ष दिली नाहीत. डोळ्यांना दिसलं तेच सांगितलंत. पण दुसऱ्या फेरीत आणखी काय बदललं, हे एकानेही विचारलं नाही. चमत्कार दाखवणारा म्हणाला की आता तुम्ही बाजूला व्हा, तर तिथेच थांबा आणि विचारा, का?"

बाबांनी काठी जमिनीवर टेकली. "आणि साक्ष द्यायची असेल," ते धापा टाकत म्हणाले, "तर गाडीतून उतरू नका."