ॲ. सं., विधवा, वय चौपन्न

डोरा हार्करने माझा केसाने गळा कापला, आणि तोही माझ्याच टेबलाशी बसून, माझाच आल्याचा केक खात.

डोरा आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यातली निवृत्त मास्तरीण. तिला शब्द जमवायचं वेड, त्यातही भांडणाचे. दर गुरुवारी दुपारी चिठ्ठ्यांचा डबा घेऊन यायची. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ, तो कुठून आला ते, आणि खाली एक वाक्य. हे काम तिला लावून देणाऱ्या लीड्सच्या प्रोफेसरांचा नियम असा की वाक्य घरी रचायचं नाही, कुणाच्या तरी तोंडचंच हवं. बोलणाऱ्याची आद्याक्षरं, वय आणि महिना खाली लिहायचा.

'डॉनीब्रुक' म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना धोपटणं, आणि ते नाव डब्लिनजवळच्या एका जत्रेवरून पडलं, हे तिला आधीच ठाऊक होतं. पण 'फ्रॅच' माझा. घरातल्या कटकटीला आम्ही फ्रॅच म्हणतो, आणि आजोबा वंगण न घातलेल्या गाडीच्या चाकालाही तेच म्हणायचे. हे सांगितलं तर डोरा खुर्चीतून उठलीच.

"अगं ॲनिस, जुना अर्थ करकरणं असाच आहे! पाचशे वर्षांपूर्वीचा! तुझ्या घरात जिवंत होता तो. हुशार आहेस गं तू."

शाळा सुटल्यापासून मला कुणी हुशार म्हटलं नव्हतं. मी विरघळले. पुढे माझी लेक बेरिल हट्टाने डार्लिंग्टनच्या लेनशी लग्न करून गेली. लेन घटस्फोटित, वर पिणारा. आमच्या चॅपलमध्ये दारूचं नावही कुणी काढत नाही. ती गेली त्या आठवड्यात गुरुवारी मी डोरासमोर रडले, नको नको ते बोलले. ती मान हलवत ऐकत होती. मला वाटलं, आपल्याला एक मैत्रीण आहे.

चार वर्षं बेरिल फिरकली नाही. मग या वसंतात पत्र आलं. मुलगी झाली. 'बाप्तिस्मा आपल्याच चॅपलमध्ये करू. नाव ॲनिस ठेवतोय.' ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

बाप्तिस्म्याच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी डोरा त्या चिठ्ठ्यांचं छापून आलेलं पुस्तक घेऊन आली. एकोणिसावं पान तिनेच उघडून दिलं. "बघ, तू छापून आलीस!"

'दिवसभर पोरीशी फ्रॅच झाली. त्या बेवड्याच्या घरी नांदण्यापेक्षा ती मेली असती तर बरं. ॲ. सं., विधवा, वय चौपन्न, मार्च.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं.

"हे मी तुला सांगितलं होतं, डोरा. तुला."

"म्हणून तर एक अक्षर बदललं नाही."

"बदलायचं होतंस गं बाई!"

"म्हणजे खोटं छापू? आणि नाव कुठे दिलंय तुझं?"

"चाळीस घरांच्या गावात ॲ. सं. विधवा किती आहेत? मोज की. गणित शिकवायचीस ना?"

"बोललीस तू. मी फक्त लिहून घेतलं." चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

शेवटी मी तिच्यापुढे पदर पसरला. रविवारपर्यंत पुस्तकांचा गठ्ठा सोडू नकोस, बेरिल जाऊ दे, मग हवं तर गावभर वाट. "बरं बाई, नाही सोडत," ती म्हणाली. मी विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा!

रविवारी चॅपलच्या दारातच टेबल. वर पुस्तकांची चळत, मागे नवी टोपी घातलेली डोरा, शेजारी लीड्सचे प्रोफेसर.

"ते आजच आले गं, एवढ्या लांबून," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "त्यांच्यासमोर नाही कसं म्हणू?"

बेरिल आणि लेन आले तसं बाळ मी घेतलं. हात रिकामे म्हणून लेनने एक पुस्तक उचललं. डॉनीब्रुकवर मोठ्याने हसला. पानं उलटली. मग हसू थांबलं, आणि त्याने पुस्तक बेरिलपुढे धरलं. बेरिलने वाचलं, पुस्तक मिटून चळतीवर ठेवलं आणि माझ्या हातांतून बाळ घेतलं.

"बेरिल, अगं तेव्हा रागात..."

"चल, पाद्री थांबलेत."

पाण्याच्या पात्रापाशी पाद्रींनी विचारलं, "या बाळाचं नाव?"

"आयव्ही," बेरिल म्हणाली. ते लेनच्या आईचं नाव.

घरी मी टेबल मांडून ठेवलं होतं. हॅम, केक, चांगल्यातले कप. बाहेर आल्यावर मी बोलावलं, पण तिने ऐकूनही घेतलं नाही.

"चहा नको, आई. आमची बस आहे."

मी तिची बाही धरली. "बोल की गं मला काहीतरी. शिव्या घाल. भांड माझ्याशी."

"कशाला?" ती हळूच म्हणाली, आणि बाळाची शाल नीट करून लेनच्या मागोमाग चालू लागली.

भांडली असती तर या वेळी मी तिला जिंकू दिलं असतं.