आधी पिन काढ

मी मिक्सर बोलतोय. बोलतोय कसला, ओरडतोयच म्हणा! मी सुरू झालो की फोनवर बोलणारे कपाळाला आठ्या घालतात. माझा आवाज नको, पण बारीक केलेलं मात्र सगळ्यांना हवं.

माझा जन्म कारखान्यातला. दुकानाच्या फळीवरून मला फिटरकाकांनी घरी आणलं. छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. आल्या आल्या त्यांनी मला चक्क उलटं केलं.

"अहो, नवा आहे तो!" काकू ओरडल्या.

"नवा आहे म्हणूनच बघतोय."

माझ्या पोटाखालचं छोटं लाल बटण त्यांनी काकूंना दाखवलं. भांडं ठासून भरलं की मी गप्प होतो. अशा वेळी थोडं काढून घ्यायचं, मला जरा थंड होऊ द्यायचं आणि ते बटण दाबायचं. एवढं माहीत नसल्यामुळे माझी किती भावंडं 'मोटर जळली' म्हणून भंगारात गेली असतील!

चौदा वर्षं काकांनी मला सांभाळलं. झाकणाची रिंग सैल झाली, बदलली. भांड्याखालचा, पातं फिरवणारा कपलर झिजला, तोही बदलला. उकळतं सूप माझ्यात ओतायला सक्त मनाई होती. शेजारणी इस्त्री घेऊन यायच्या, पंखे घेऊन यायच्या. काकूंना मात्र ते स्क्रूड्रायव्हरला हात लावू देत नसत. "तू राहू दे, लागेल हाताला," म्हणायचे. त्यात माया होती, पण मला ते कधी पटलं नाही.

मग काकांचे हात थरथरायला लागले. एकदा मला उघडताना त्यांच्या हातून एकच स्क्रू तीनदा पडला. चौथ्यांदा त्यांनी तो उचलला नाही. काकूंनी उचलून कसाबसा बसवला. काकांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, ते बसलेच. काही विचारलं तर "हं" म्हणायचे, कधी तेही नाही. जेवायलाही दोनदा हाका माराव्या लागायच्या. काकूंचं धड जेवणात लक्ष नसायचं.

त्यातच माझी तब्येत बिघडली. चालता चालता बंद पडायचो, आत ठिणग्या उडायच्या, जळका वास यायचा. त्यांच्या मुलीने मला दोन थापटा मारल्या. लाजेकाजेस्तव मी दोन दिवस चाललो, पण थापट म्हणजे काही औषध नव्हे.

"आई, रविवारी नवा आणते," मुलगी म्हणाली. "हा देऊन टाकू. आता दुरुस्त कोण करणार?"

काका समोरच बसले होते. तिने जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. काकांनी मान खिडकीकडे वळवली. भंगाराची भीती मला होतीच. त्या वळलेल्या मानेकडे बघून मात्र फार वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी काकूंनी पेटी बाहेर ओढली आणि मला काकांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवलं. बाजूच्या सॉकेटमध्ये पिन घालून त्यांनी चालवून पाहिलं. मी ढिम्म.

"सांगा, काय करू?"

"राहू दे."

"इतकी वर्षं राहूच दिलं. आता नाही." असं म्हणून त्यांनी सरळ माझ्या तळाला स्क्रूड्रायव्हर लावला.

"अगं, आधी पिन काढ!"

काका इतक्या जोरात ओरडले की मुलगी आतून धावत आली. कित्येक महिन्यांत त्या घराने हा आवाज ऐकला नव्हता.

मग काय, हुकूम सुटायला लागले. रबरी पाय उपट, त्याखाली स्क्रू आहेत. स्क्रू वाटीत ठेव. वायरींचा फोटो काढून ठेव, नाहीतर लावताना घोळ होईल. मोटरच्या दोन्ही बाजूंचे, तिला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे बाहेर आले. झिजून नखाएवढे राहिले होते. ते मुठीत घेऊन मुलगी दुकानात गेली आणि तस्सेच नवे घेऊन आली.

नवा कार्बन बसवताना स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. एकदा नाही, दोनदा.

"अंगठ्याने दाबून धर म्हटलं ना!"

"मग तुम्हीच धरा की!" काकू तडकल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला.

काकांनी हात पुढे केला. तो थरथरतच होता. त्यांनी अंगठा स्प्रिंगवर ठेवला, काकूंनी त्यावर स्वतःचा अंगठा दाबला आणि दुसऱ्या हाताने कार्बनवरचं टोपण फिरवलं. बसलं!

माझे पाय पुन्हा लागले. काकूंनी बटण फिरवलं. मी गप्पच. काकूंचे डोळे भरून आले.

काका टेबलावर लोळणाऱ्या वायरकडे बघत होते. "अगं, पिन कोण लावणार? माझे सासरे?" आणि ते हसायला लागले, पोट धरून हसले. नंतर मी जो गरजलो, त्यात कुणाला काही ऐकू आलं नसेल.

त्याला वर्ष झालं. आता खुर्ची टेबलाशी असते. शेजारणी पुन्हा इस्त्र्या घेऊन येतात. काका सांगतात, काकू उघडतात, आणि दोघं मनसोक्त भांडतात.

मी काही अमर नाही. उद्या मोटर खरंच जळली, तर मला खुशाल देऊन टाका. एकच मागणं आहे. घरात ज्याला काम येतं, त्याच्यासमोर 'आता कोण करणार' असं म्हणू नका. त्याच्यासमोर टेबल ओढा आणि विचारा, "सांगा, काय करू?"