डाव्या पायाची उंच चप्पल

माही सून बिजली लंगडी कशी झाली असं कोणी विचारलं, की लोक सांगतात बैलबंडीवरून पडली म्हणून. पडली हे खरं. पण लंगडी मी केली तिले. मी सुखीबाई, तोंडाची फाटकी, साऱ्या तांड्याले माहीत आहे. आज सोताच्याच विरुद्ध तोंड उघडून राह्यली.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. कापसाच्या पऱ्हाटीनं भरल्या बंडीवरून बिजली घसरली अन् उजव्या पायाची नडगी मोडली. माह्या लेकानं, देवसिंगनं, तिले पुसदच्या दवाखान्यात नेलं. डागदरनं पलस्तर बांधलं अन् चालता यावं म्हणून त्याच्या तळाले ठोकळा बसवला. तो म्हणे, ठोकळ्यानं हा पाय दोन बोटं उंच झाला, आता दुसऱ्या पायात तेवढीच उंच चप्पल पाहिजे. नाहीतर तोल जाईन, अन् पुन्हा पडली तर हाड सरकीन. दीड महिना सांभाळा, पाय पहिल्यासारखा होते.

देवसिंगनं मोच्याकडून टायरचे थर ठोकून डाव्या पायाची चप्पल करून आणली. एकच चप्पल. काय ध्यान होतं ते! पण तिच्यावर बिजली सरळ चालायची, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं.

विहिरीची वाट नायकाच्या ओट्यापुढून जाते. नायक म्हणजे तांड्याचा मुखिया, म्हातारा खेमसिंगबा. त्याच्यापुढून सून चप्पल घालून जात नाही. मी कधी गेली नाही, माही सासू गेली नाही. देवसिंग कामाले बाहेरगावी गेला तेव्हा मी बिजलीले म्हणलं, चालता येते तर एक कळशी पाणीही आणता येते. अन् ओटा आला की चप्पल काढून हातात घ्यायची.

ती म्हणे, "बाई, तोल जाते माहा. डागदरनं काढू नोको म्हणलं."

"डागदर राह्यते पुसदले," मी म्हणलं. "आपल्याले इथं राहा लागते."

काढली तिनं. चार दिवस काढली. एक पाय ठोकळ्यावर, एक भुईवर, कमरेवर कळशी. पाचव्या दिवशी मी मागूनच येत होती, ती ओट्याच्या समोरच पडली. पलस्तरले तडा गेला. ओठ पांढरे झाले तिचे.

खेमसिंगबा काठीनं चाचपत खाली उतरला, कोण पडलं म्हणून विचारत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू त्याच्या. मले का माहीत नव्हतं? साऱ्या तांड्याले माहीत होतं. तुमच्या मानासाठी चप्पल काढली होती तिनं, असं मी सांगतलं, तर म्हातारा म्हणे, "सुखी, मले तिचं तोंड दिसत नाही, पाय कुठून दिसते?"

तेव्हाच तिले पुसदले न्यायले बंडी जुंपायची होती. पण लेक विचारीन, चप्पल काहून काढली? भ्याली मी. तड्यावर फडकं गुंडाळलं अन् तिले सांगतलं, चूप राह्य. देवसिंग आला तेव्हा पलस्तर मळलं म्हणून गुंडाळलं, असं मीच सांगतलं. ती चूपच राह्यली. रात्र रात्र कण्हायची, तेही तोंडात पदर कोंबून.

पलस्तर कापलं तेव्हा डागदरनं पाय पाह्यला अन् मान हलवली. हाड सरकून तसंच जुळलं होतं. उजवा पाय दोन बोटं आखूड. मग बिजलीनं सारं सांगतलं, डागदरनं विचारलं म्हणून. देवसिंग माह्याकडं पाहत राह्यला. शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोच्याकडं मी सोता गेली. तेच टायर, तेवढेच थर, आता उजव्या पायासाठी, जन्मभरासाठी. मोची म्हणे, मागल्या वेळी तर डावा पाय होता ना?

खेमसिंगबाले मरून आता दोन वर्षं झाले. ओटा रिकामा आहे. मी रोज सांगते बिजलीले, घालून जाय वं, कोणी नाही तिथं. ओरडली, हात जोडले, एक दिवस तर तिच्या पाया पडली. ती "हो बाई" म्हणते. अन् ओटा आला की वाकते, चप्पल काढून हातात घेते अन् खुरडत पुढं जाते. मी शिकवलेलं ती विसरत नाही.