दांडा बाईसाहेबांच्या हाती

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण घरात बसून राहणारी नव्हे, रस्त्यावरची, भाड्याची. मागे दोन मोठी चाकं, पुढे एक लहान, डोक्यावर चामड्याचं छत आणि पुढचं चाक वळवायला एक लांब दांडा. माझा जन्म इंग्लंडातल्या बाथ शहरातला. हल्ली मी तिथल्याच एका हॉटेलच्या दिवाणखान्यात उभी असते. पाहुणे माझ्यात बसून फोटो काढतात आणि 'किती गोड!' म्हणतात. मी मुळीच गोड नाही. का नाही, तेच सांगते.

गाड्या बांधणाऱ्या एका सुताराने मला घडवलं. त्याने चांगलं लाकूड वापरलं, गादीत घोड्याचे केस ठासून भरले आणि मला एनॉक पॅडफील्डच्या हवाली केलं. एनॉक उंच, जरा पुढे वाकलेला, चॅपेलात, म्हणजे साध्या लोकांच्या छोट्या चर्चमध्ये, जाणारा माणूस होता. जन्मात दारूला शिवणार नाही अशी शपथ त्याने तिथे घेतली होती, आणि ती पाळतही होता. त्याच्या दंडावर पितळी बिल्ला असायचा. तो बिल्ला असेल तरच शहरात खुर्ची ढकलता यायची. त्या बिल्ल्यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं, हेस्टरचं, पोट चालायचं.

बाथला माणसं आपापली दुखणी घेऊन येतात. गरम झऱ्याचं पाणी प्यायचं, तोंड वाकडं करायचं आणि बरं वाटतंय म्हणायचं. स्टेशनवर त्यांच्यासाठी घोडागाड्या उभ्या असत. पुढे विजेची ट्रामही आली. पण ट्राम काही पंप रूमच्या, म्हणजे झऱ्याचं पाणी पाजायच्या दालनाच्या आत, पाण्याच्या पेल्यापाशी जात नाही. मी जायची. सुजलेले पाय जमिनीला टेकू न देता मी माणसाला बिछान्यापासून पाण्यापर्यंत न्यायची. तेव्हा माझं केवढं कौतुक व्हायचं!

आमच्या धंद्यात एक रिवाज होता. ढकलणारा मागे आणि दांडा बसणाऱ्याच्या हाती. पावसात छत वर केलं की मागच्याला पुढचं काही दिसायचं नाही. बसणाऱ्याने मला खांबावर नेऊन आदळलं तरी मागच्याने टोपी काढायची आणि 'माझं चुकलं' म्हणायचं. प्रवाशाच्या हाताला दोष द्यायचा नाही. भाड्याच्या खुर्च्यांच्या अड्ड्यावरचे सगळे हे पाळत, आणि एनॉक तर जरा जास्तच पाळत असे.

आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक होत्या मिसेस पेनफादर. संधिवाताच्या, विधवा, मोठ्या घरच्या. दर शरद ऋतूत यायच्या आणि एनॉकशिवाय कुणाला खुर्ची ढकलू द्यायच्या नाहीत.

"पॅडफील्ड, तू फक्त ढकल," त्या म्हणायच्या. "वळवायचं माझ्यावर सोड. माहेरी मी चार घोडे हाकलेत."

"मग माझ्या एकट्याचं काय घेऊन बसलात, बाईसाहेब," एनॉक मागून म्हणायचा, आणि त्या खळखळून हसायच्या.

एका पावसाळी सकाळी आम्ही गे स्ट्रीटचा उतार उतरत होतो. छत वर होतं. एनॉक टाचा रोवून मला मागे धरून होता. समोरच्या फुटपाथवर बाईंची एक मैत्रीण दिसली. बाईंनी दांडा सोडला आणि हात वर करून रुमाल हलवला. माझं पुढचं चाक फिरलं, फुटपाथच्या कडेवर आपटलं आणि मी आडवी झाले. बाई रस्त्यावर. मनगट मोडलं, टोपी गटारात.

माणसं धावली. मैत्रीणही आली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या चिखलाने भरलेल्या पोशाखाकडे, आणि मोठ्याने म्हणाल्या, "हा माणूस प्यायलाय!"

एनॉकने सवयीप्रमाणे टोपी काढली. "माझं चुकलं, बाईसाहेब," तो म्हणाला. साऱ्या रस्त्याने ते ऐकलं.

परवाना देणाऱ्या साहेबांपुढे चौकशी ठरली. आदल्या संध्याकाळी अड्ड्यावरचा दुसरा खुर्चीवाला, जॉब विटकोम, एनॉकच्या घरी आला. मी छपरीत उभी होते. दार उघडं होतं.

"उद्या सरळ सांगून टाक, दांडा तिच्या हातात होता," जॉब म्हणाला.

"मी कशाला सांगू?" एनॉक म्हणाला. "त्या स्वतःच सांगतील. दुखत होतं तेव्हा बोलून गेल्या असतील काहीतरी. भल्या घरच्या आहेत."

"भल्या घरच्या!" हेस्टरने चहाची किटली आदळली. "अहो, भल्या घरच्यांनीच तर भर रस्त्यात तुम्हाला दारुडा ठरवलं. जिला तुम्ही उरापोटावर ढकललंत, तिला जरा तोंडानं अडवा की!"

"उद्या बघ तू," एनॉक म्हणाला.

माझी चाकं तपासायची म्हणून मलाही कचेरीच्या अंगणात नेलं होतं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. बाई हात गळ्यात बांधून आल्या होत्या. आवाज अगदी मायेचा.

"गरीब माणूस आहे, त्याला फार शिक्षा करू नका. पण त्याचा तोल गेला होता खरा."

एनॉक वाट पाहत राहिला. बाई खाली बसल्या. मग त्याला कुठे बोलावंसं वाटलं.

"साहेब, दांडा बाईसाहेबांच्या हातात होता. तो त्यांनी सोडला. आणि मी पीत नाही, चॅपेलात शपथ घेतली आहे."

"हे आता सुचलं?" साहेब म्हणाले. "रस्त्यात तर 'माझं चुकलं' म्हणाला होतास. आणि शपथा घेतलेले पुष्कळ पाहिलेत आम्ही."

खोलीत हशा पिकला. एनॉकने स्वतःच्या हाताने बिल्ला काढून टेबलावर ठेवला. अंगणात येऊन त्याने माझ्या छतावरचं पाणी बाहीने पुसलं. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं. पण लाकडाला तोंड कुठून येणार?

मला जॉबने घेतलं. एनॉक दगडाच्या खाणीत लागला. चॅपेलातल्या लोकांनी त्याला हाकललं नाही. फक्त त्याच्या बाकावर शेजारी कुणी बसेनासं झालं. तिथे जाणं त्याने आपणच सोडलं.

पुढच्या शरदात मिसेस पेनफादर आल्या. मला पाहून खूश झाल्या.

"हीच खुर्ची हवी. पॅडफील्ड कुठंय?"

"खाणीत, बाईसाहेब," जॉब म्हणाला. "धूळ खातोय."

"अरेरे! दारूने किती संसार बुडतात!" असं म्हणून त्या बसल्या आणि दांडा धरला.

त्या दिवशीही आम्ही गे स्ट्रीटने उतरलो. पलीकडून कुणीतरी त्यांना हाक मारली. एकदा, दोनदा. बाईंनी मान वळवली नाही. ओठ घट्ट मिटून त्यांनी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, उतार संपेपर्यंत. तेव्हा मला कळलं, मित्रांनो. त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

आता मला रोज पुसतात, चाकांना तेल देतात. उगाच देतात. माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. पण कुणी मागे राहून तुम्हाला ढकलत असेल आणि तुम्ही आपटलात, तर मागे वळून बघण्याआधी आपले हात कुठे होते ते बघा. आणि ते मोठ्याने सांगा, चार माणसांत, तो माणूस टोपी काढायच्या आत.