भरला परत येणारा डबा

मित्रांनो, फळीवर मिठाच्या बरणीशेजारी पोचे पडलेला जो पितळी डबा तुम्हाला दिसतो, तो मी. माझं झाकण आता तिरकं बसतं आणि कडी एका बाजूने निखळली आहे. सध्या माझ्या पोटात दोडक्याचं बी ठेवलेलं आहे. पण म्हणून मला हसू नका. उमेदीच्या काळात मी सायकलवरून सगळा खटाव तालुका पालथा घातला आहे.

माझा जन्म कराडच्या एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. मार खाल्ल्याशिवाय आकार येत नाही, असं तो म्हणायचा. आकार आला खरा, पण माझे कान अजून वाजतात. आष्ट्याचे बागायतदार जोतिबा यांनी मला लेकीच्या रुखवतासाठी विकत घेतलं. त्यांच्या कारभारणीने, मनुबाईंनी, माझ्यात रव्याचे लाडू गच्च भरले आणि लीलाबाईंबरोबर माझीही वडूजला पाठवणी झाली.

कुठे कृष्णाकाठचं आष्टा आणि कुठे वडूज! इथे नदी उन्हाळ्यात नुसती वाळू दाखवायची. शेतात बाजरी आणि ज्वारी, तीही पावसाच्या मर्जीवर. लाडू संपले आणि मला भाकरीची सवय लागली. लीलाबाईंचे मालक नाथाजी हे देवीची लस टोचायला गावोगाव हिंडायचे. पहाटे त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला मला दोरीने आवळून बांधलं जाई. माझ्यात ज्वारीची दशमी असे, म्हणजे दुधात पीठ मळून केलेली भाकरी. ती दोन दिवस विटत नाही. सोबत तिळाची चटणी, कांदा, भाजक्या शेंगा आणि गुळाचा खडा. असा ऐवज पोटात घेऊन मी माळावरून खडखडत निघायचो. मित्रांनो, खरं सांगू? तुमच्या वयाची पोरं माझी खडखड ऐकली की कणगीमागे दडून बसायची. लस टोचायची सुई माझ्यात नव्हती, तरी बदनामी माझीच!

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. टायर मिळत नव्हते, म्हणून सायकलला ठिगळं लावलेली होती. तरी नाथाजी चढावर कधी उतरत नसत. भर दुपारी एखाद्या बाभळीखाली ते मला उघडत, जेवून फडक्याने पुसत आणि म्हणत, "गड्या, तू हाईस म्हणून मी हाय." कुणी कौतुक केलं की पितळेलाही बरं वाटतं.

पण हे सुख फार दिवस टिकलं नाही. नाथाजींचं पोट बिघडू लागलं. पोट फुगायचं, कळा यायच्या, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. सासुरवाडीहून आले की ते आठ-आठ दिवस अंथरूण धरायचे. मधूनअधून कामावरून आल्यावरही तेच व्हायचं आणि त्या दिवशी मी बहुतेक भरलेलाच घरी परत यायचो.

त्यांची आई बनुबाई फार कडक. माझ्यातली शिळी भाकरी बघून त्या म्हणाल्या, "पोराला अन्न जाईना झालंय. ह्या डब्याची कल्हई उडाली आसंल, त्यात चटणी कळकत आसंल." मला कल्हई लागली. आत चांदीसारखा लखलखलो, पण गुण आला नाही. मग बनुबाईंचं बोट माझ्यावरून थेट आष्ट्याकडे वळलं. "म्हायेरचा डबा, म्हायेरचं जेवान! तितनं आला की पोरगं आडवं हुतंया. ईनीनंच कायतरी चारलंय." ईन म्हणजे विहीण, आमच्या मनुबाई. लीलाबाई रडल्या, शपथा घेतल्या. उपयोग झाला नाही. मला माळ्यावर फेकलं गेलं आणि लीलाबाईंचं माहेर तुटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

माळ्यावर माझ्या अंगावर कोळ्याने घर केलं. नागपंचमी गेली, दिवाळी गेली. आष्ट्याहून लेकीला न्यायला मुराळी आला की बनुबाई त्याला दारातूनच वाटेला लावायच्या. खाली चुलीपुढे लीलाबाई पदर तोंडात धरून रडायच्या. ते मला वरून ऐकू यायचं, आणि माझ्यामुळे ही पोर माहेराला मुकली, या विचाराने मी आतल्या आत काळा पडत होतो.

नाथाजींची तब्येत मात्र सुधारण्याऐवजी आणखी ढासळली. हाडं मोजून घ्यावीत अशी दशा झाली. साध्या चढावरही ते सायकल हातात धरून चालू लागले.

एका सकाळी लीलाबाईंनी त्यांना विचारलं, "आवं, डबा बंद झाल्यापास्नं तुमी दुपारचं जेवता कुटं?"

"जातो त्या गावी पाटलाच्या घरी. लय मान करत्यात. चपात्या काय, शिरा काय."

"आन् आदी डबा भरला परत यायचा, तवा?"

"तवा बी तसंच. पाटील सोडायचा न्हाई. सरकारी मानसाला भाकरी खाऊ दिऊ व्हय, म्हनायचा."

लीलाबाई पीठ मळता मळता थांबल्या. मित्रांनो, आमच्या भागात त्या काळी भाकरी घरच्यांची आणि गहू पाहुण्याचा. पाहुण्याच्या ताटात भाकरी पडली तर घराची लाज गेली, असं समजत. जावयाची तर गोष्टच सोडा. आष्ट्याला त्यांना दोन्ही वेळा पोळीच. जिथे मान मोठा, तिथे गहू जास्त, आणि तिथूनच आजार. नाथाजी आजारी पडायचे म्हणून मी भरला परत येत नव्हतो. मी भरला परत यायचो त्या दिवशी त्यांनी बाहेर गहू खाल्लेला असायचा, आणि म्हणून ते आजारी पडायचे!

लीलाबाईंनी पदर खोचला, शिडी लावली आणि मला खाली काढलं. राखेने असं घासलं की माझी सालटीच निघाली. "उद्यापास्नं ह्यातलंच खायाचं. पाटील रुसला तर रुसू द्या," त्यांनी मालकांना बजावलं. नाथाजींनी ऐकलं. दोन-चार आठवडी बाजार गेले नाहीत तोच त्यांच्या गालावर मांस दिसू लागलं. मी रोज रिकामा घरी यायचो आणि मला माझ्या रिकामेपणाचा केवढा अभिमान वाटायचा!

बनुबाई मात्र हटल्या नाहीत. "गव्हानं कुनाला बाधलंय व्हय? राजं खात्यात. ईनीच्या हातचं बंद झालं म्हनून गुण आला." शेवटी त्यांनी अट घातली. नाथाजींनी आष्ट्याला जायचं, तिथे चार दिवस राहायचं. धडधाकट परत आले तर सुनेचं माहेर मोकळं. आजारी आले तर कायमची सोडचिठ्ठी, माहेराला.

लांबचा पल्ला. लीलाबाईंनी पहाटे उठून दशम्या केल्या, तिळाची चटणी कुटली, राजगिऱ्याचे लाडू वळले. माझं झाकण त्यांनी दोनदा दाबून बघितलं. "जप रं बाबा," असं त्या हळूच पुटपुटल्या. मालकांना रं कुणी म्हणत नाही, तेव्हा ते मलाच होतं.

वाटेत नाथाजी दोनदा झाडाखाली बसून जेवले आणि दिवस मावळायच्या आत आम्ही आष्ट्यात पोचलो. पाहुणचार तयार होता. पुरणपोळी, वर तुपाची धार. नाथाजींनी हात जोडले आणि मला पुढे ओढलं. "मामा, रागावू नका. गहू मला सोसत न्हाई. मी माजी भाकरी आनलीया."

जोतिबांचा चेहरा उतरला. "जावायबापू, माज्या घरात काय दुष्काळ पडलाय? सासऱ्याच्या दारात घरची भाकरी सोडता? गावानं काय म्हनावं?"

पंगतीतले भाऊबंद नाथाजींच्या ताटाकडे बघू लागले. नाथाजींनी भिडेखातर एक घास मोडला असता तर सगळं संपलं होतं. तेवढ्यात आतून मनुबाई बाहेर आल्या. जावयासमोर न येणारी ती बाई, डोक्यावरचा पदर सावरत सगळ्यांदेखत माझ्यापुढे बसली. तिने माझ्यातली दशमी मोडून चटणीला लावली आणि खाल्ली.

"लेकीच्या हातची हाय," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "एक वरीस झालं, लेक बघितली न्हाई. जावई धड ऱ्हायला तर लेक दिसंल. पोळ्या उचला. आज समद्यांना भाकरी. आन् गावाला काय बोलायचं ते मला यिऊन बोला म्हनावं."

त्या रागाने नव्हे, मायेने बोलत होत्या. जोतिबांनी सगळ्यांच्या आधी आपलं ताट पुढे सरकवलं. चार दिवस त्या बागायतदाराच्या चुलीवर तव्याला गव्हाचा वाससुद्धा लागला नाही.

परत येताना नाथाजी चढावर पेडल मारत शीळ घालत होते. दारात उभ्या बनुबाईंनी लेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्यांना वाटलं, आजार उद्या निघेल. दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. नाथाजी जेवून आणखी अर्धी भाकरी मागून घेत होते. तुम्ही म्हणता ना, जीव भांड्यात पडला? लीलाबाईंचा माझ्यातच पडला असावा, कारण त्यांनी मला छातीशी धरलं होतं.

चौथ्या दिवशी बनुबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "लीले, गाडी जुपाय सांग. म्हायेरी जाऊन ये."

लीलाबाई उठून दाराकडे वळल्या.

"आन् एकली जाऊ नगंस. म्या बी येते. गावभर बोलले ते म्याच. ईनीच्या दारात जाऊन पाया बी म्याच पडाय पायजे."

त्या बैलगाडीत मीही होतो. आष्ट्याच्या दारात दोन्ही विहिणी गळ्यात गळा घालून रडल्या आणि लीलाबाई दोघींच्या मध्ये उभ्या राहून हसत होत्या.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. पाहुणा आला की त्याला हवं ते भरपूर वाढा, पण ताटात आग्रहाचं काही टाकण्याआधी एकदा विचारा, "तुम्हाला काय सोसतं?" तो एक प्रश्न आमच्या घरात कुणी आधी विचारला असता, तर एका लेकीला वर्षभर आई दुरावली नसती.