टॅबनं भरलेलं नाव

अरे, ऐका ना! डेटाबेसला हुकूम टाइप करतो त्या कमांड लाइनवर टॅब दाबला की अर्धवट नाव आपोआप पूर्ण होईल, असं मी बनवलं. आमच्या डेटाबेसवाल्या काकांनी हो म्हटलं तरच ते ऑफिसभर मिळणार होतं, म्हणून मी त्यांच्या खुर्चीमागे उभी. काकांनी टेस्टच्या कॉपीवर टेबल, म्हणजे माहितीचा अख्खा तक्ता, पुसायची कमांड लिहिली, पुढे जुन्या ग्राहकांच्या टेबलाची पहिली चार अक्षरं, आणि टॅब दाबला. ते टेबल कुणीतरी आधीच उडवलेलं! मग काय, त्या अक्षरांचं एकच टेबल उरलं होतं, चालू ग्राहकांचं. माझ्या दीडशहाण्या टॅबनं तेच भरलं.

"पोरी, खऱ्या डेटाबेसवर एंटर दाबलं असतं ना, तर दोघंही घरी बसलो असतो!"

"काका, मग टॅबच काढून टाकते."

"ढेकणापायी घर जाळतेस होय? पुसताना नुसती नावं दाखव, भरू नकोस. पूर्ण नाव हातानं लिहू दे, काय पुसतोय ते बोटांना कळू दे."

अर्ध्या तासात बदललं. काकांनी टॅब दाबला, यादी वाचली आणि म्हणाले, "दे सगळ्यांना." मी तिथेच उडी मारली!