शिकवलेली प्रार्थना

चर्चच्या तरुण संघात तिला सगळे टकळी म्हणायचे, आणि ते नाव तिला शोभायचंही. शाळा सुटली की ती बेकरीच्या काउंटरवर उभी राहायची. गिऱ्हाइकाने पाव मागितला, तर पावासोबत चार गोष्टी फुकट बांधून द्यायची. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत संघ जमला की तिच्या केसांत कुठेतरी मैदा असायचाच.

प्रार्थनाही ती तशीच करायची. बाकीची पोरं आवाज खाली आणून पाळकसाहेबांचीच वाक्यं जुळवत बसायची. टकळीची पाळी आली की सुरुवात अशी, "देवा, आज मालक परत तापला. ट्रे माझ्या हातून पडला हे खरं, पण त्याने आईवरून बोलायला नको होतं. तू ऐकलंस ना?" कुणीतरी फिस्सकन हसायचं. तिला त्याचं काही नसायचं. मालकाचं झालं की आईचा खोकला, मग मैत्रिणीशी झालेलं भांडण, मग मध्येच, "थांब, एक राहिलंच."

संघ ताई चालवायची. दिवसा चष्म्याच्या दुकानात नोकरी, घरी नुकतं रांगायला लागलेलं बाळ, आणि उरलेला सगळा वेळ या पोरांचा. गाणी बसवायची, वचनं पाठ करून घ्यायची, रुसलेल्यांची समजूत काढायची. देवाचं एवढं काम करताना देवाशी बोलायचं मात्र राहून जायचं, आणि हे ती कुणाला सांगूही शकत नव्हती. रांधणारीच उपाशी आहे म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार?

टकळीचं ऐकून ऐकून एक दिवस गंमत झाली. बाळाला भरवताना ताईच्या तोंडून आपोआप निघालं, "देवा, हा घास तरी ह्याच्या पोटात जाऊ दे, माझा धीर संपत आला." मग रोज काही ना काही निघू लागलं. भांडी घासताना, दुकानात काचा पुसताना. कित्येक वर्षांनी तिला वाटायला लागलं, कुणीतरी ऐकतंय. हे तिने टकळीला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग तरुणांचा रविवार आला. त्या दिवशी उपासना तरुणांनी चालवायची, आणि मुख्य प्रार्थनेची चिठ्ठी निघाली टकळीच्या नावाची. ताईच्या घरी जेवताना तिच्या सासूबाई म्हणाल्या की तुझी ती पोरगी देवाशी बोलते की भाजीवाल्याशी तेच कळत नाही; भर मंडळीत तिने आईचा खोकला काढला, तर लोक तिच्याकडे नाही, तुझ्याकडे बघतील. ताई हसली खरी, पण ते बोलणं रुतून बसलं. पुढच्या बाकांवरची वडीलधारी माणसं तिला आत्ताच मान वळवताना दिसायला लागली.

शनिवारी तिने टकळीला मागे थांबवून घेतलं. प्रेमानेच. आधी स्तुती, मग उपकार मानायचे, मग पापांची कबुली, आणि मागणं सगळ्यात शेवटी, तेही सगळ्यांसाठी. मध्येच "थांब, एक राहिलंच" तर मुळीच नाही.

"असं नाही बोललं तर त्याला कळत नाही का?" टकळीने विचारलं.

"कळतं गं. पण मोठ्यांचा मान ठेवतो तसा त्याचाही ठेवायला नको का?"

पोरगी एकदम गंभीर झाली. एवढे दिवस आपण देवाचा अपमान करत होतो की काय, हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. ताईला ते दिसलं. तेवढ्यात कोपऱ्यात झोपवलेलं बाळ रडायला लागलं आणि ती उठली.

रविवारची प्रार्थना अशी झाली की एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, पाळकसाहेबांनी चारचौघांत ताईचं कौतुक केलं, सासूबाईंनीसुद्धा "वळण लावलंस हो" असं म्हणून टाकलं. ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढच्या शनिवारी टकळीने तीच प्रार्थना केली, शब्द न् शब्द. त्यानंतर पाळी आली की तिचा घसा बसलेला असायचा. मग ती उशिरा येऊ लागली, आणि मग येईनाशीच झाली. बेकरीत काम वाढलंय, असा निरोप यायचा. ताईने तो खरा मानला, कारण खरा मानणं सोपं होतं.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी ती बाळाला कडेवर घेऊन बेकरीत गेली. टकळी काउंटरवरच होती. समोरच्या गिऱ्हाइकाला तिने पाव दिला, सुटे पैसे दिले, अवांतर एक अक्षर नाही. ताईने विचारलं, आई कशी आहे? तर आई दवाखान्यात होती, आणि तेही बऱ्याच दिवसांपासून. एरवी खोकल्याची उबळ आली तरी साऱ्या संघाला कळायचं.

"सांगितलं का नाहीस गं? आम्ही प्रार्थना केली असती."

"तुम्ही करा ना ताई. तुम्हाला येते."

"आणि तू?"

टकळी बिस्किटांच्या बरण्या सारख्या करत राहिली. "बसते मी. स्तुती होते, उपकार होतात, कबुलीपर्यंत पोचते, आणि वाटतं, यातलं मला काहीच म्हणायचं नव्हतं." ती जराशी हसली. "आधी तो घरातला वाटायचा. आता पाहुणा आल्यासारखं वाटतं. पाहुण्यासमोर रडायचं कसं?"

ताई म्हणाली, चूक माझी होती, मी शिकवलेलं सगळं विसरून जा.

"तुम्ही पोहणं विसरून दाखवा बरं."

"आत्ता बोलून बघ. आईचं सांग त्याला."

टकळीने खरंच डोळे मिटले. पिठाचे हात आधी एप्रनला पुसले, मग जोडले. "देवा," ती म्हणाली आणि अडली. ओठ नुसतेच हलले. मग बाहेर पडलं ते, "हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी स्तुती..." तिने डोळे उघडले. दोघी एकमेकींकडे बघेनात. आतून भट्टीवाल्याची हाक आली, तेव्हा टकळी सुटल्यासारखी आत गेली.

ताई घरी न जाता दवाखान्यात गेली. टकळीची आई खाटेवर उशीला टेकून बसली होती, निम्मी झालेली. ताईला बघून तिचा चेहरा उजळला. तिने बाळाच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "तुमचे उपकार आहेत हो. केवढी बडबडी होती माझी पोर. तुमच्याकडे आल्यापासून किती शांत झाली, समंजस झाली."

ताईने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. आई म्हणाली, आता आलाच आहात तर दोन शब्द प्रार्थनेचे म्हणा, तुमचे शब्द फार सुंदर असतात म्हणे.

ताईने डोळे मिटले. सुंदर शब्द जिभेवर रांगेने उभे होते. ते तिने येऊ दिले नाहीत.

"देवा," ती शेवटी म्हणाली, "हिच्या पोरीने तुझं घर मला दाखवलं, आणि मी तिलाच उंबऱ्याबाहेर उभं केलं. मला नीट करता येणार नाही ते. तूच जा तिच्याकडे. मला मध्ये घेऊ नकोस."

आई अजून त्या सुंदर शब्दांची वाट बघत हात जोडून बसून राहिली.